फुकटचा पत्ता आणि आपला पत्ता

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरी कोणताही कागद आला, की तो आधी माझ्या हाती दिला जातो. गेल्या पावसाळ्यात असाच एक प्रश्न माझ्या वाट्याला आला.

वडिलांचा एक ट्रेलर आहे. न्हावा शेवा बंदरातून कंटेनर गोदामात पोचवणे हा त्यांचा धंदा. त्याचे कागद एजंटांच्या कचेऱ्यांतून ई-मेलने येतात. ही ई-मेलची सेवा इतकी वर्षे विनामूल्य होती. एके दिवशी सूचना आली : जागा संपत आली, आता दरमहा पैसे भरा. वडिलांनी तिकडे दुर्लक्ष केले. आठवड्याभरात एक मेल पाठवणाऱ्याकडे परत गेला आणि ट्रेलर दिवसभर उभा राहिला. वडील म्हणाले, "पैसे भरून टाक." दादा म्हणाला, "दुसरीकडे फुकटात खाते उघडू." निवाडा माझ्यावर आला. तो करताना जे शिकले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

पहिला प्रश्न असा, की ही सेवा फुकट का असते? सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी १९९६ साली हॉटमेल सुरू केले, तेव्हापासून या धंद्याचा पाया जाहिरात हाच आहे. परंतु जाहिरातीने भागेना, की मोफत गोष्टींपैकी एखादीला किंमत लागते. याहूने २००२ साली मेल आपल्या संगणकावर उतरवून घेण्याच्या सोयीसाठी पैसे मागितले. जीमेल २००४ साली निघाली. आज तिथे १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. पण मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून ती एकच कोठी आहे. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्या हिशेबात धरले जातात. म्हणजे पुष्कळदा पेटी पत्रांनी नव्हे, तर लग्नाच्या चित्रफितींनी भरते! तेव्हा निर्णयाआधी मोठ्या फायली शोधून काढून टाकाव्यात. आम्ही तेच केले आणि त्याच रात्री मेल पुन्हा येऊ लागले.

पण हा तात्पुरता इलाज झाला. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा : पत्ता कोणाचा? मोबाइलची कंपनी बदलली तरी क्रमांक तोच राहतो. ही सोय जानेवारी २०११ मध्ये देशभर लागू झाली. ई-मेलचे तसे नाही. पत्त्याचा उत्तरार्ध सेवा देणाऱ्याच्या मालकीचा असतो. जुने मेल दुसरीकडे नेता येतात, पत्ता नेता येत नाही.

येथे एक उदाहरण देते. गुगलने २००६ पासून स्वतःच्या नावाचा पत्ता असलेल्यांना मोफत मेलसेवा दिली होती. नव्यांसाठी ती डिसेंबर २०१२ मध्ये बंद झाली. जानेवारी २०२२ मध्ये जुन्यांनाही पैसे भरण्यास सांगण्यात आले. ओरड झाल्यावर घरगुती वापर मोफत राहिला, व्यवसायाला मात्र फी लागली. या लोकांना एक मार्ग मोकळा होता. पत्त्यातील नाव त्यांनी स्वतः नोंदवलेले असल्यामुळे, त्या नावाची टपाल कोणत्या सर्व्हरवर जावी एवढी एक नोंद बदलली, की सेवा बदलते आणि पत्ता तोच राहतो. अशा नावाला दरवर्षी थोडी फी पडते, पण ती आपल्या स्वातंत्र्याची फी होय.

दादाच्या सूचनेतील उणीव आता उघड झाली. आजचे दुसरे फुकट उद्या महाग होऊ शकते. मग पुन्हा हाच खटाटोप. वडिलांच्या सूचनेतही उणीव होती. नुसते पैसे भरीत राहिलो तर दर वाढेल तसे वाकावे लागेल.

म्हणून मी वहीत यादी केली : हा पत्ता कोठे कोठे दिलेला आहे? बँक, पॅन, विमा, गॅस, माझे विद्यापीठ, एजंटांच्या कचेऱ्या अशी अकरा ठिकाणे निघाली. शिवाय ट्रेलरच्या दारावर तो पत्ता रंगवलेला! मग ठरले ते असे. जुन्या जागी एक वर्षाची फी भरायची, म्हणजे मुदत विकत घ्यायची. धंद्यासाठी स्वतःच्या नावाचा पत्ता नोंदवायचा. जुने मेल आपोआप नव्याकडे वळवायचे. सर्वांत आधी बँकेत बदल करायचा, कारण पासवर्ड विसरल्यास वाट तेथूनच निघते. आणि सर्व मेलांची एक प्रत घरच्या डिस्कवर ठेवायची. आमच्या प्रकल्पग्रस्त दाखल्याची प्रत त्या पेटीतच पडून होती, हे तेव्हा कळले आणि अंगावर काटा आला.

आजी हे सारे ऐकत होती. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसला, ते तिने भोगलेले आहे. ती म्हणाली, "घर हलवायला चार दिवस लागले, पण नवा पत्ता सगळ्या सोयऱ्यांना कळायला वर्ष गेलं."

अकरांपैकी सात ठिकाणी नवा पत्ता पोचला आहे. दादाने ट्रेलरचे दार रंगवायला घेतले आहे. मित्रहो, सूचना येण्याची वाट पाहू नका. आपली यादी आजच करा.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला