आधी गिलावा शीक

हैदराबाद

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

भित्तिचित्रं शिकायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. रंगांची लांबलचक यादी पाठवली आहेस. पण रंगांचं नंतर पाहू. आधी गिलावा शीक.

फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावतात. त्यात गोंद नाही की सरस नाही. सुकताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्यातच पक्के बसतात. म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढ्याच जागेवर शेवटचा थर द्यावा. गेरू, पिवडी, काजळी चुन्यात टिकतात. प्रशियन निळा टिकत नाही. कळीचा चुना विरवताना खडे थोडे थोडे पाण्यात सोड, खड्यांवर पाणी ओतू नकोस. चुना खदखदून उकळतो, डोळे सांभाळ. एखादा खडा न विरता राहिला, तर तो पुढे भिंतीत फुगतो आणि वरचं चित्र घेऊन खाली येतो.

अजिंठ्याची रीत मात्र वेगळी. तिथे माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंक-सरसातले रंग. अजिंठा निजामाच्या राज्यात होतं, तेव्हा 1920 च्या सुमारास इथल्या सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी भिंतीला धरून ठेवला, हे त्यांचे उपकारच. पण चित्रांवर दिलेला लाखेचा हात पुढे काळवंडला आणि तो काढायला नंतरच्यांना फार कष्ट पडले. एका भिंतीचं औषध दुसरीला चालेलच असं नाही, हे मनावर कोरून ठेव.

आमच्या कुतुबशाही मकबऱ्यांचंही तसंच झालं. विसाव्या शतकातल्या दुरुस्त्यांत सिमेंट थापलं गेलं. ओल आतच कोंडली. 2013 पासून आगा खान ट्रस्टच्या कामात ते सिमेंट काढून पुन्हा चुन्याचा गिलावा केला गेला. तो करणारे गवंडी हेच तुझे खरे गुरू. त्यांच्या हाताखाली चुना मळायला, थापी धरायला लाजू नकोस. गूळ, बेलफळाचा गर किती घालायचा, हे विचारून वहीत टिपून ठेव.

दिवाळीनंतर इकडे ये. येताना जुने सुती कपडे आणि चष्मा आण; ब्रश मी सांगेन तेव्हा घेऊ.

तुझा,
मामा