शिंपेंतील चुना व रक्तांतील शिपाई

मांडव्याच्या खडकांवर अनवाणी चालतांना कालवाच्या शिंपेनें पाय कापला, कीं जखमेंत जंतु शिरतात व त्यांस गिळावयास श्वेतपेशी धांवतात. पेशींतील मोकळें कॅल्शियम बाहेरच्या सुमारें १०,००० व्या हिश्श्याइतकेंच असतें. जंतूची चाहूल लागतांच आंतील कोठारें उघडतात. मग बाहेरूनही तें आंत लोटतें. हा इशारा मिळतांच पेशी प्राणवायूच्या रेणूस एक इलेक्ट्रॉन देऊन ‘सुपरऑक्साइड’ बनविते व त्यापासून जंतुनाशक द्रव्यें होतात. शिंपही कॅल्शियमचीच, परंतु चुना खाऊन इशारा बळावत नाहीं, कारण रक्तांतील त्याचें प्रमाण शरीरच आवरून धरतें. कांहीं बालकांत मात्र सुपरऑक्साइड बनविणारें यंत्रच जन्मतः सदोष असतें. इशारा मिळूनही पेशी निःशस्त्र राहते व किरकोळ बुरशीही जिवावर बेतते. अशा बालकांचें रक्त खाडीपलीकडे, मुंबईंत परळच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेंत तपासलें जातें.