यंत्र भाषा कसें शिकलें?

महात्मा फुले मंडईंत आईचें बोट धरून जाणारें मूल 'मेथी' हा शब्द कसें शिकतें? जुडी हातांत येते, वास येतो, भाजीवाली भाव सांगते, आई घासाघीस करते, आणि शब्द जिभेवर बसतो. ही इमारत १८८६ सालीं रे मार्केट या नांवानें उघडली. तेव्हांपासून कित्येक पिढ्यांनीं तेथें असेच शब्द उचलले असतील.

आतां जिला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, त्या यंत्राकडे पाहूं. त्यानें मेथी कधीं हुंगली नाहीं, चाखली नाहीं. तरी मेथीवर चार पानें तें सहज लिहून देतें. हें कसें घडलें?

'आईनें मंडईंतून ताजी…' एवढेंच वाक्य समोर आहे असें समजा. पुढें तुम्ही 'भाजी' म्हणाल, 'खुर्ची' म्हणणार नाहीं. यंत्रालाहि हाच खेळ दिला जातो. पुढचा शब्द ओळखावयाचा. चुकलें कीं आंतील आंकडे किंचित् हलवावयाचे. पुन्हां पुढचें वाक्य. असें अब्जावधि वेळां! क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानें माणसांकडून असाच खेळ खेळवून घेऊन १९५१ सालीं त्यावर निबंध प्रसिद्ध केला होता. ज्या शब्दांची संगत सारखी, ते आंकड्यांतहि जवळ बसतात; मेथीशेजारीं पालक, पालकाशेजारीं चुका. पुढें २०१७ सालीं आठ संशोधकांनीं, वाक्यांतील एका शब्दानें इतरांकडे किती लक्ष द्यावें हें ठरविण्याची नवी रीत मांडली. त्यांपैकीं निकी परमार यांचें अभियांत्रिकी शिक्षण आपल्या पुण्यांतलेंच.

म्हणजे यंत्राची शाळा मुख्यतः लिहिलेल्या मजकुराची. आमच्या मतें खरी अडचण येथेंच आहे. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटानें २०२२ मध्यें मराठीचीं सुमारें २ कोटि ४८ लक्ष वाक्यें गोळा करून प्रसिद्ध केलीं. काम मोठें खरें. पण २०११ च्या शिरगणतींत मराठीभाषक ८ कोटि ३० लक्ष होते, म्हणजे तिघांमागें पुरतें एक वाक्यहि येत नाहीं! शिवाय त्यांतील बहुतेक वाक्यें बातम्यांचीं. बड्या कंपन्यांचीं यंत्रें याहून पुष्कळ मराठी वाचतात, परंतु "मावशी, वर दोन मिरच्या टाका" हें कोण छापतें? जो लिहीत नाहीं, त्याची बोली यंत्राला कळत नाहीं; आणि उद्यां मुलें यंत्राचीच मराठी वाचून लिहूं लागलीं, तर ती बोली त्यांनाहि परकी होईल.

दुसरें असें कीं, यंत्र शोभेल तें सांगतें. तें खरें असेलच असें नाहीं. भाव चुकला तर भाजीवालीला गिऱ्हाईक जाब विचारतें. यंत्राच्या पदराला तोशीस लागत नाहीं.

पालकांनीं पुढच्या रविवारीं मुलांना वही देऊन मंडईंत न्यावें. जुडी, गड्डी आणि पेंडी यांत फरक काय, हें भाजीवाल्या मावशींनाच विचारावें, व त्यांचें गांव कोणतें तेंहि शब्दापुढें लिहून घ्यावें.