संत थॉमस मोर यांचे कुटुंबचित्र

भंडारा, तुमसर वा साकोली, घर कुठलेही असो, भिंतीवर सर्व कुटुंबाचा एक फोटो असतोच. आज आपण असेच एक जुने चित्र पाहू या.

चित्रकार हान्स होल्बाइन यांनी १५२७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये संत थॉमस मोर यांचे कुटुंब रंगवले. मोठे चित्र १७५२ मध्ये आगीत नष्ट झाले. त्याचे शाईचे रेखाटन स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात आहे.

मध्यभागी पन्नाशीचे थॉमस आणि शेजारी शहात्तर वर्षांचे त्यांचे वडील बसले आहेत. समोर जमिनीवर मार्गारेट व सिसिली या मुली आहेत. मोर यांनी मुलींनाही मुलासारखेच लॅटिन व ग्रीक शिकवले, म्हणून चित्रात इतकी पुस्तके दिसतात. घरचा विदूषक हेन्री पॅटेन्सनही चित्रात आहे. कडेला पत्नी ॲलिस गुडघे टेकून आहेत. प्रार्थनेला जमलेले घर ते हेच, असे अभ्यासक मानतात.

पुढे १५३४ मध्ये पोपचा अधिकार नाकारणारी राजाची शपथ घेण्यास थॉमस यांनी नकार दिला. ते तुरुंगात असताना याच मार्गारेटने आणि ॲलिस यांनी, 'शपथ घ्या' म्हणून त्यांना विनवले. ते बधले नाहीत. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. तरी बाप-लेकीची माया अखेरपर्यंत तुटली नाही.

एकत्र प्रार्थना करणाऱ्या घरातही मतभेद होतात. अशा वेळी आपण सदसद्विवेक जपतो का, आणि माणसेही जपतो का?

संत थॉमस मोर यांचा सण २२ जूनला असतो. त्या संध्याकाळी आपण सर्वांनी घरी एकत्र प्रार्थनेला बसू या.