बैठकीचं निमित्त

प्रश्न : करोनाच्या टाळेबंदीत आमच्या गावातला महिला गट बंद पडला, तो पडलाच. दोन कोसांवरच्या गावातला गट मात्र तेव्हाही चालू होता आणि आजही आहे. बायका तशाच, बचत तेवढीच, मार्गदर्शन करणारी माणसंही तीच. मग फरक कशानं पडला? पुन्हा अशी साथ आली तर गट टिकवायचा कसा?
— एक वाचक भगिनी, मुखेड तालुका, जि. नांदेड

उत्तर : ताई, ‘बायका तशाच, बचत तेवढीच’ हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. गट पैशावर चालतो असं आपण सगळेच धरून चालतो. महिन्याची शंभर-दोनशे रुपये बचत, अंतर्गत कर्ज, बँकेचं कर्ज, परतफेड, नोंदवही. हे सगळं खरं आहे. पण आपल्या भागातल्या बाईला गटानं पैशाच्याही आधी काय दिलं, तर घराबाहेर पडायला एक निमित्त दिलं. ‘कुठं निघालीस?’ या प्रश्नाला ‘बैठकीला’ हे एका शब्दाचं उत्तर दिलं. बाजाराला, देवळात, वावरात जाण्यासाठी ती आधीही बाहेर पडत होतीच. पण चार बायकांत तासभर नुसतं बसून बोलण्यासाठी बाहेर पडायची सोय नव्हती. ती गटानं केली.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि हे निमित्त एका दिवसात गेलं. जमावबंदीत पाचपेक्षा जास्त जणांना एकत्र यायची मुभा नव्हती, आणि गटात तर दहा ते वीस बायका असतात. समाजमंदिराला कुलूप, अंगणवाडीला कुलूप. ज्या गटांनी दुसरं निमित्त शोधलं ते चालू राहिले. ‘सगळं सुरळीत झाल्यावर बघू’ म्हणून ज्यांनी वही कपाटात ठेवली, त्यांच्यातल्या कितीतरी गटांची वही पुन्हा बाहेर आली नाही. माझ्या मते दोन गावांमधला फरक एवढाच आहे.

आपल्या बायकांना संकट नवीन नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली, तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांतली सुमारे दहा हजार माणसं गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक झोपले होते. पुढे घरदुरुस्तीचा आणि बळकटीकरणाचा मोठा कार्यक्रम आला, त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं आणि तिच्या संस्थापक प्रेमा गोपालन यांनी एक गोष्ट लावून धरली. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणलं. दगड-मातीच्या जाड भिंती कशा बळकट करायच्या, आरपार दगड कुठं बसवायचे, अनुदानाचा हप्ता कुठं अडला, हे त्या बायका घरोघरी सांगू लागल्या. गवंड्याला प्रश्न विचारणारी बाई आपल्या भागानं तेव्हा पहिल्यांदा पाहिली. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि शिकवायला गेल्या. प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या, पण त्यांनी उभ्या केलेल्या सख्या आजही गावांत काम करताना दिसतात.

भूकंपानं बायकांना एका जागी आणलं. पत्र्याच्या शेडमध्ये, एका नळावर, एकाच चुलीशी. दुःखही एकत्रच होतं. साथीनं उलट केलं. ज्याला मिठी मारायची त्याच्यापासूनच लांब राहा म्हणून सांगितलं. किल्लारीनं जे शिकवलं त्यातलं निम्मं इथं उपयोगी नव्हतं. उरलेलं निम्मं मात्र फार कामाला आलं : सरकारी आदेश स्वतः वाचायचा, त्यात काय बंद आहे याच्याइतकंच काय चालू आहे तेही शोधायचं.

आणि एक गोष्ट चालू होती. शेती. टाळेबंदी लागल्यावर दोनच दिवसांनी, २७ मार्चला, केंद्रानं शेतकरी आणि शेतमजुरांच्या वावरातल्या कामाला सूट दिली. ज्या गटांना हे उमगलं त्यांची बैठक वावरात गेली.

मी हे जुलै २०२० मध्ये निलंगा तालुक्यातल्या एका गावात पाहिलं. सोयाबीनची खुरपणी चालली होती. पंधरा जणींच्या गटानं पाच-पाच जणींच्या तीन टोळ्या केल्या होत्या, तिन्ही टोळ्या एकाच शिवारात पण वेगवेगळ्या वावरांत. दुपारी भाकरी सोडल्यावर सचिव बाई वही घेऊन निघाली. वही खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली होती, पावसाचा भरवसा नव्हता. प्रत्येकीनं आपापला पेन ओटीत आणला होता. प्रश्न अंगठ्याचा होता. दोन म्हाताऱ्या अंगठा उठवणाऱ्या, आणि शाईचा पॅड एकच. मग त्यांनी ठरवलं, आधी साबण लावून हात धुवायचे, अंगठा उठवायचा, पुन्हा धुवायचे. साबणाची वडी बांधावर एका दगडावर ठेवलेली होती. दोघींपैकी एक मला म्हणाली, “गटात आल्यापासून अंगठा एवढा पांढरा कधी झाला नव्हता बाई.” आणि खूप हसली. तिला हसताना पाहून मला किती बरं वाटलं, ते आजही आठवतं.

त्या दिवशीच्या पानावर सात कर्जं लिहिलेली होती. सातांपैकी पाच दुबार पेरणीची. त्या वर्षी मराठवाड्यात सोयाबीनचं बियाणं उगवलंच नाही अशा तक्रारींचा ढीग पडला होता, तुम्हालाही आठवत असेल. कुणी दोन हजार घेतले, कुणी तीन. केंद्रानं मार्चमध्येच गटांची विनातारण कर्जाची मर्यादा दहा लाखांवरून वीस लाखांवर नेण्याची घोषणा केली होती. पण त्या दुपारी गरज वीस लाखांची नव्हतीच. दोन हजारांची होती, आणि ती गटाच्या स्वतःच्या बचतीतूनच भागली. जनधन खात्यात आलेले महिन्याचे पाचशे रुपये एप्रिल ते जून एवढेच होते, ते केव्हाच संपले होते.

आता खरी गोष्ट सांगते. सह्या झाल्या, बाकीच्या उठल्या, एक जण बसून राहिली. तिची मुलगी सोळा वर्षांची. शाळा बंद, घरात कमाई नाही, आणि लग्न थोडक्यात उरकतंय, मांडव नको, पंगत नको, म्हणून तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला होता. घरात तिला बोलता येत नव्हतं, सगळे दिवसभर घरातच होते. तिनं हे बांधावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी गटातल्या तिघी मास्कचं कापड द्यायच्या निमित्तानं त्या घरी गेल्या. गटाला मास्क शिवायचं काम मिळालं होतं, त्यामुळे त्यांच्या जाण्याला कुणी हरकत घेतली नाही. पुढच्या आठवड्यात अंगणवाडी सेविका गेली, मग ग्रामसेवक. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो, हे घरच्या पुरुषांना तेव्हा कळलं. त्या वर्षी लग्न झालं नाही. मुलगी पुढे बारावीला बसली.

विचार करा, ती बैठक झालीच नसती तर? बचत कदाचित कुणीतरी घरोघर फिरून गोळा केली असती. कर्जाचं वाटपही झालं असतं. आणि मुलीचं लग्नही झालं असतं. टाळेबंदीत घरातल्या मारझोडीच्या तक्रारी किती वाढल्या हे राष्ट्रीय महिला आयोगानंच एप्रिल २०२० मध्ये सांगितलं होतं. त्या तक्रारी फोन हाती असलेल्या बायकांच्या होत्या. बाकीच्यांना बांध हवा होता.

पैशाबद्दल एक सांगायचं राहिलं, कारण काही गट तिथंच फुटले. रिझर्व्ह बँकेनं मार्चपासून ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. गावात बातमी पोचली ती ‘हप्ते माफ’ अशी. हप्ता पुढे गेला होता, व्याज थांबलं नव्हतं. ज्या गटांनी हे बसून समजावून सांगितलं तिथं कुणी कुणावर संशय घेतला नाही. जिथं सांगितलं नाही तिथं सहा महिन्यांनी वाढलेला आकडा पाहून बायका अध्यक्षांवर तुटून पडल्या आणि गट मोडला. तुमच्या गटाचं असं तर झालं नव्हतं ना? जुनी वही काढून बघा.

आणखी एक. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बचत गटांसाठीच्या ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या नेमणुका पुढे न चालवण्यावरून राज्यभर गोंधळ झाला, गटांच्या बायका मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांनी आपल्या माणसांसाठी आवाज उठवला याचा मला अभिमान वाटला. पण मनात हेही आलं की वही लिहायला, बैठक बोलवायला बाहेरचं माणूस लागत असेल, तर ते माणूस थांबताच गटही थांबतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि लेखे या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र गटातल्याच दोघी-तिघींना आलं पाहिजे. एक लिहिणारी आजारी पडली तर दुसरी.

म्हणून माझं सांगणं असं. साथ येण्याची वाट बघू नका. आत्ताच गटाच्या चार-पाच जणींच्या टोळ्या पाडा, वाड्या-गल्ल्यांप्रमाणे. प्रत्येक टोळीत एक लिहिणारी आणि एक अशी, जिच्याशी बायका मोकळं बोलतात. या दोघी एकच असतील तर उत्तमच, पण तसं क्वचित असतं. आणि बैठकीची जागा एकच ठेवू नका. समाजमंदिर बंद झालं तर पार, पार बंद झाला तर वावर. तुमच्या भागातून बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात. २०२० च्या एप्रिलमध्ये ती कारखान्यांवर अडकली होती आणि परत आल्यावर काहींना गावाबाहेर शाळेत राहावं लागलं. त्यांच्यातल्या सदस्यांची बचत थकली म्हणून त्यांची नावं खोडणारे गट मी पाहिले. ते चुकलं. ज्या बाईला गटाची सगळ्यात जास्त गरज होती तिचंच नाव खोडलं गेलं. तुमच्या वहीत अशी खोडलेली नावं असतील तर त्या बायकांच्या घरी जा. गट पुन्हा उभा करायचा असेल तर मी तिथूनच सुरुवात करीन.


प्रश्न : आमच्या गटाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. पुन्हा टाळेबंदी झाली तर त्यावरच बैठक घेता येईल, असं आमच्या गटातल्या शिकलेल्या मुली म्हणतात. पुरेल का?
— औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : नाही पुरणार. पण मुलींना नाउमेद करू नका, त्यांचं निम्मं बरोबर आहे.

भाजीचा भाव, बँकेची तारीख, रेशन कधी येणार, लसीकरण कुठल्या शाळेत, हे सगळं ग्रुपवर उत्तम चालतं. टाळेबंदीत बाजार बंद असताना भाजी लावणाऱ्या बायकांनी फोनवरच मागणी घेऊन घरपोच भाजी विकली, त्यात मुलींचाच हात होता. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जेमतेम ५४ टक्के बायकांनी सांगितलं की स्वतः वापरतो असा मोबाइल आपल्याकडे आहे. तुमच्या ग्रुपवरचे नंबर एकदा नीट बघा. त्यातले किती नवऱ्याचे, मुलाचे, दिराचे आहेत? दिराच्या फोनवर बाई काय लिहिणार? ‘हो ताई, बचत पाठवते.’ एवढंच.

म्हणून ग्रुप ठेवा, आणि अडचणीत असलेल्या बाईसाठी त्यावर एक साधा संकेत ठरवून ठेवा. एका गटानं ‘माझी वही परत पाठवा’ असं वाक्य ठरवलं होतं. तशी वही तर तिची नसायचीच. ते वाक्य आलं की टोळीतली एक जण त्याच दिवशी तिच्या दारात जायची, तोंडाला पदर लावून, उंबऱ्याबाहेर उभी राहून. दोन मिनिटं का होईना.

दोन्ही गावांच्या गटांना माझी एकच विनंती आहे. येत्या बैठकीत ठराव घ्या की बैठक बंद करण्याचा निर्णय अध्यक्षांनी एकटीनं घ्यायचा नाही, टोळ्या करून ती चालूच ठेवायची. ठराव इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. आणि वहीच्या पहिल्या पुठ्ठ्याच्या आत मोठ्या अक्षरांत तीन नंबर लिहा : महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीसाठी ११२. वही घरोघर फिरते, तेव्हा नंबरही फिरतील.