मोकळ्या वेळाचा जाच

चि. छोटूस,


‘मी आळशी झालोय’ असं तू लिहिलंस, ते मला पटलेलं नाही. ज्या मुलाने इथे चार वर्षं इंजिनिअरिंगची सबमिशनं वेळेवर दिली, तो विमानातून उतरताक्षणी आळशी होत नाही. बदललं ते भोवतालचं. इथे कॉलेज ७५ टक्के हजेरी मागायचं, जर्नलवर सह्या घ्याव्या लागायच्या, डिटेन होण्याची धास्ती असायची, आणि ओरलच्या आदल्या रात्री अख्खं हॉस्टेल जागं असायचं. तिथे जर्मनीत बहुतेक लेक्चरना हजेरीच घेत नाहीत. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि बऱ्याच विषयांचा निकाल फेब्रुवारी-मार्चमधल्या एकाच परीक्षेवर ठरतो. मधले महिने तुला कोणी काही विचारत नाही. तुझी मेहनत आजवर दुसऱ्यांनी घातलेल्या मुदतींच्या आधाराने उभी होती. तो आधार गेला आणि त्या जागी तू काही उभं केलं नाहीस. म्हणून माझा सल्ला जरा उलटा वाटेल: अभ्यासाला ठेवलेला वेळ वाढवू नकोस, कमी कर. तो ठरावीक कर, आणि तो पाळलास की नाही हे बघणारं एखादं माणूस गाठ.

हे हवेतलं बोलणं नाही. तू आहेस त्याच देशात, म्युन्स्टर विद्यापीठाच्या मानसोपचार केंद्रात, खास चालढकलीसाठी वेगळा विभाग आहे. (आपल्याकडे याची ओपीडी निघाली तर रांग कुठवर जाईल, आणि रांगेत उभं राहायलाही लोक उद्याच येतील!) तिथल्या उपचारपद्धतीतला एक भाग असा की माणसाला दिवसातले कामाचे दोनच छोटे अवधी नेमून देतात. त्यांच्याबाहेर अभ्यास करायला मनाई. ते अवधी नीट वापरले, तरच पुढे जास्त वेळ मिळतो. कारण सरळ आहे. सकाळी आठपासून रात्री बारापर्यंत सगळाच वेळ ‘अभ्यासाचा’ असला की कुठल्याच क्षणी सुरुवात करणं भाग पडत नाही, आणि कुठल्याच क्षणी मन मोकळंही होत नाही. तुझा संपूर्ण रविवार टेबलापाशी जातो, आराम होत नाही आणि पानही उलटत नाही, ते यामुळेच. वेळ सकाळी दहा ते साडेअकरा एवढाच असेल, तर दहा वाजता बसण्याला काही अर्थ येतो.

तू म्हणशील, वेळ ठरवून काय होतं, मी रोजच ठरवतो. पण ‘उद्या अभ्यास करायचा’ हा नुसता इरादा झाला. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळनंतर दोन दिवसांत एक छोटा वृत्तांत लिहून पाठवायचा होता. तो कुठे आणि कधी बसून लिहिणार हे ज्यांच्याकडून आधी लिहून घेतलं होतं, त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी काम केलं. बाकीच्यांत ते प्रमाण जेमतेम एक तृतीयांश होतं. हुशारी तीच, सुट्टीही तीच.

तरी एकट्याने ठरवण्याला मर्यादा आहे, हेही सांगायला हवं. डॅन अॅरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ साली दाखवलं, की स्वतःच मुदत घालून घेणारे विद्यार्थी शेवटच्या दिवसावर विसंबणाऱ्यांपेक्षा बरं काम करतात, पण बाहेरून सारख्या अंतराने मुदती लावलेल्यांपेक्षा कमी पडतात. स्वतःशी केलेला करार मोडायला कोणाची परवानगी लागत नाही ना! म्हणून ट्युटोरियलच्या गटातल्या एकाशी ठरव: दर गुरुवारी उदाहरणांचा संच त्याच्यासमोर ठेवायचा, अर्धामुर्धा असला तरी. प्राध्यापकांची भेटीची वेळ आधी मागून ठेव. अर्धवट काम दाखवायची लाज वाटेल. चालढकलीचं मूळ बऱ्याचदा त्या लाजेतच असतं, आणि काम दाखवल्यानेच ती कमी होते.

‘मला शेवटच्या क्षणीच सुचतं’ हा युक्तिवाद मात्र मी मान्य करणार नाही. डायान टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांच्या १९९७ च्या अभ्यासात चालढकल करणारे सत्राच्या सुरुवातीला खरोखरच निवांत आढळले. सत्र संपताना तेच जास्त तणावात आणि जास्त आजारी होते, आणि गुणही त्यांनाच कमी पडले. शिवाय हिशेब कर. सत्राला ३० क्रेडिट, क्रेडिटमागे २५ ते ३० तास, म्हणजे किमान ७५० तासांचं काम. शेवटचे तीन आठवडे रोज बारा तास बसलास तरी २५२ तास होतात. तिथे आपल्यासारखी नापास विषय मागे ठेवून, केटी घेऊन पुढे सरकण्याची सोय धरून चालू नकोस. बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी असतात, आणि त्या संपल्या की नाव कमी होतं.

राहिला तुझ्यासाठी बाबांनी काढलेल्या कर्जाचा विषय. त्या ओझ्याने तू स्वतःला रोज टोचतोस आणि त्याने अभ्यास होईल असं समजतोस. २०१० साली कॅनडात झालेल्या एका अभ्यासात उलट दिसलं: पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. अपराधीपणा वाढला की पुस्तक बघणंच नकोसं होतं, आणि मग माणूस मोबाइल उचलतो. नोकरीमुळे वेळ उरत नाही म्हणतोस, ते काही अंशी खरं आहे. पण मग आठवड्यातले नोकरीचे दिवस आधी लिही आणि उरलेल्यातून अवधी काढ. आधीच कमी असलेला वेळ ठरावीक करणं त्यातल्या त्यात सोपं.

असा तू एकटाच नाहीस. फ्रांकफुर्ट आन डेर ओडरच्या विद्यापीठात २०१० साली रखडलेले निबंध लिहिण्यासाठी खास एक रात्र सुरू झाली आणि आता जर्मनीभर मार्चच्या सुरुवातीला ती पाळली जाते. जर्मन मुलांनाही ती लागते, हे लक्षात असू दे. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, तर मात्र हे पत्र पुरेसं नाही. श्टुडिएरेंडेनवेर्कचं, म्हणजे तिथल्या विद्यार्थी सेवा संस्थेचं, समुपदेशन असतं, तिथे जा.

उलट टपाली तुझे दोन अवधी आणि गुरुवारच्या मित्राचं नाव कळव. गुण विचारणार नाही. तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव.

तुझी,
मावशी