पेटी आली ती मोजायला

नेरूळच्या आमच्या सोसायटीची मी बरीच वर्षं सेक्रेटरी होते. पाणी, पार्किंग आणि केबल या तीन विषयांसाठी लोक रात्री अकरालाही बेल वाजवतात. २०१३ साली केबलने बाकी दोघांना मागे टाकलं. तेव्हा आणि नंतर जे कळत गेलं, ते हे.

१. वाशी पूल ओलांडून विचारून यावं.
मुंबईत ॲनालॉग केबल बंद करण्याची तारीख आधी ३० जून २०१२ होती, ती ३१ ऑक्टोबरवर गेली. नवी मुंबई दुसऱ्या टप्प्यात होती. ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर यांच्यासोबत, ३१ मार्च २०१३. म्हणजे मानखुर्दला सेट टॉप बॉक्स बसले, तेव्हा खाडीच्या अलीकडे काळी वायर अजून थेट टीव्हीतच खुपसलेली होती. चेंबूरच्या नणंदेला विचारलं. ती म्हणाली, "वन्सं म्हणून ऐका, तारीख पुन्हा पुढे जाईल या भरवशावर राहू नका. शेवटच्या आठवड्यात पेटी बसवायला माणूस मिळत नाही." केबलवाल्याच्या पत्रकापेक्षा ही माहिती कामाची होती.

२. चित्र हे निमित्त होतं, मोजणी हे कारण.
जाहिरातींत स्वच्छ चित्र आणि चिक्कार वाहिन्या होत्या. ते खोटं नव्हतं. ॲनालॉगची एक वाहिनी जेवढी जागा अडवते, तेवढ्यात डिजिटलच्या दहाएक मावतात. पण २०११ साली संसदेने केबलचा कायदा दुरुस्त करून पेटी सक्तीची केली, ती केवळ आपल्या डोळ्यांच्या काळजीपोटी नव्हे. गच्चीवरून गच्चीवर गेलेली वायर किती घरांत उतरते, हे फक्त केबलवाल्याला ठाऊक. तो सांगेल तो आकडा. महापालिका हद्दीत दर जोडणीमागे महिन्याला ४५ रुपये करमणूक कर होता. जे घर कागदावरच नाही, त्याचे पैसे मधल्या मधे जिरत. वाहिन्यांना वर्गणीतून फारसं काही पोचत नसे. उलट चांगल्या जागी दिसण्यासाठी त्याच केबल कंपन्यांना पैसे मोजत आणि जाहिरातींवर जगत. टीआरपीसाठीच्या त्या सगळ्या आरडाओरड्यामागे हेही एक कारण होतं, असं माझं मत आहे.

पेटीला क्रमांक, आतल्या कार्डाला क्रमांक, सोबत ग्राहकाचा अर्ज आणि ओळखपत्र. प्रत्येक घर आता कंपनीच्या संगणकावर दिसू लागलं. "टीव्ही बघायला ओळखपत्र कशाला?" असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगत असे. त्यांची कुरकुर थांबली नाही, पण ती कुठे करायची हे त्यांना कळलं.

३. बेडरूमचा टीव्ही फुकट चालत होता, ते दिवस गेले.
पूर्वी एका वायरीला स्प्लिटर लावला की आतल्या खोलीतही टीव्ही चाले. मोजणी पेटीची सुरू झाल्यावर दर टीव्हीला वेगळी पेटी आणि पेटीगणिक वेगळं भाडं. आमच्या इमारतीत त्या उन्हाळ्यात आजोबा मंडळींचे छोटे टीव्ही कपाटावर चढले. मग सासऱ्यांच्या बातम्या आणि सुनेची मालिका एकाच पडद्यावर. ते तंटे मात्र मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये येऊ दिले नाहीत.

४. जुना टीव्ही भंगारात काढण्याआधी मागे बघा.
पिवळी, पांढरी, लाल भोकं असतील तर तो पेटी जोडून चालतो.

५. मुंग्यांची सवय सोडा.
अँटेनाच्या काळात वरळीच्या दूरदर्शन मनोऱ्याकडे तोंड करून काठी फिरवायची, तर आमच्याकडून मधे ट्रॉम्बेची टेकडी. एका गावसकरचे दोन दिसायचे, मुंग्या असायच्या, पण स्कोअर कळायचा. डिजिटलमध्ये तशी तडजोड नाही. सिग्नलमधल्या चुका ठरावीक मर्यादेपर्यंत पेटी स्वतः दुरुस्त करते, म्हणून चित्र शेवटपर्यंत लख्ख दिसतं. मर्यादा ओलांडली की चौकोन पडतात आणि सगळं गोठतं. पावसाळ्यात असं झालं तर आधी पेटीमागची पिन घट्ट करा, मग गच्चीवरच्या जोडात पाणी शिरलंय का ते बघा. नुसता ॲम्प्लिफायर वाढवून भागत नाही, खराबीही त्याच्यासोबत वाढते.

६. ज्येष्ठांसाठी पुठ्ठा.
एक-दोन आकडी वाहिन्या तीन आकडी झाल्या. सह्याद्री, झी मराठी, बातम्या यांचे क्रमांक जाड अक्षरांत लिहून पुठ्ठा टीव्हीशेजारी टांगा. टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंदचं बटण सोडून बाकीच्यांवर चिकटपट्टी लावा. नाहीतर चुकून वेगळंच बटण दाबलं जातं, पडदा निळा होतो आणि सेक्रेटरीची बेल वाजते.

७. निवड उशिरा आली, सोबत गणित घेऊन.
पेटी २०१३ ची, पण हव्या त्याच वाहिन्या सुट्या किमतीत घेण्याची ट्राय या नियामक संस्थेची पद्धत लागू झाली १ फेब्रुवारी २०१९ ला. तेव्हा शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये होते, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. दूरदर्शनच्या वाहिन्या त्या शंभरात सक्तीच्या होत्या, सशुल्क वाहिन्यांचे पैसे निराळे. आठवडाभर घरात खरोखर काय बघितलं जातं ते लिहून काढा आणि मगच यादी द्या. केबलवाल्याने आयता दिलेला पॅक त्याच्या सोयीचा असतो.

८. पेटीची पावती जपा, आणि गच्चीही.
केबल कंपनी बदलली तर जुनी पेटी नव्याकडे चालत नाही. अनामत भरली असेल तर पावती दाखवून परत मागा. दरमहा काहीच द्यायचं नसेल तर २००४ पासून चालू असलेली दूरदर्शनची मोफत डिश आहे. छत्री आणि पेटीचा खर्च एकदाच. आमच्याकडे छत्रीला परवानगी मिळते, पण ती कठड्याला लावायची. स्लॅबला ड्रिल मारलं की वॉटरप्रूफिंग फुटतं आणि जुलैत वरच्या मजल्यावरच्या वहिनी बादली घेऊन माझ्या दारात उभ्या राहतात.